डाळिंबाची काडी व विक्रेत्याची सचोटी

शेतीच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी लिहावयाचे ते पाऊस, सारा आणि बाजारभाव ह्यांविषयी, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. झाडाची फांदी कोठे छाटावी आणि छाटलेल्या फांदीचे काय करावे हा माळ्याचा प्रश्न असून शहरातील सुशिक्षित वाचकाचा व व्यापाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असेही पुष्कळांस वाटते. आम्हांस हे मत मान्य नाही. फळबागेस कर्ज देणारी पतपेढी, रोपे विकणारा दुकानदार, फळे विकत घेणारा अडत्या आणि गावाकडील जमिनीत चार पैसे गुंतविणारा नोकरदार ह्या सर्वांचे हित एका वीतभर काडीवर कसे अवलंबून असते, हे दाखविण्याचा आजच्या लेखाचा उद्देश आहे. उदाहरणासाठी आम्ही डाळिंब घेतले आहे. कारण महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत ह्या झाडाने जितके संसार उभे केले तितके थोड्याच पिकांनी केले असतील, आणि एका रोगी काडीमुळे जितके संसार अडचणीत आले त्यांची संख्याही लहान नाही.

प्रथम झाडाच्या वंशवृद्धीचा मूळ नियम ध्यानात घेतला पाहिजे. झाड दोन रीतींनी वाढविता येते. एक बियांपासून व दुसरी फांदीपासून. डाळिंबाचे बी पेरले तर रोप उगवते, परंतु ते आईसारखे निघेलच असा भरवसा नसतो. एकाच फळातील दाणे पेरून दहा रोपे केली, तर एखाद्याचे फळ गोड, दुसऱ्याचे आंबट, तिसऱ्याचे दाणे कठीण, असा प्रकार होतो. फांदीची गोष्ट निराळी. फांदी जमिनीत खोचून तिला मुळ्या फुटल्या म्हणजे जे झाड होते ते आईचे अपत्य नव्हे. ती आईच होय, फक्त दुसऱ्या जागी उभी राहिलेली. तिचा रंग, गोडी, बहाराची सवय हे सर्व काडीबरोबर जसेच्या तसे येते. ‘खाण तशी माती’ ही म्हण कोठे अक्षरशः खरी असेल तर ती येथे.

ह्या नियमाचा लाभ महाराष्ट्रास किती झाला आहे हे इतिहासावरून दिसते. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा ह्यांनी १९३६ साली आळंदी जातीच्या बियांपासून वाढलेल्या झाडांतून एक झाड निवडून काढले. त्याचे दाणे मऊ होते व फळ गोड होते. पुढे हीच जात ‘गणेश’ ह्या नावाने गावोगाव गेली. तिच्यानंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने मृदुला, आरक्ता व भगवा ह्या लाल दाण्यांच्या जाती दिल्या, आणि आज बाजारात दिसणारे केशरी-लाल, जाड सालीचे, दूरवर पाठविण्यास टिकाऊ असे फळ बहुतांशी भगव्याचे असते. गणेश असो वा भगवा, ह्या जातींची जी अगणित झाडे सांगोला, पंढरपूर, आटपाडी, जत, मालेगाव, सटाणा ह्या भागांतील माळरानांवर उभी आहेत, ती सर्व निवडलेल्या झाडाच्या फांदीची फांदी, तिचीही फांदी, अशा अखंड परंपरेने आलेली आहेत. बियांच्या मार्गाने हे कधीही साधले नसते. जी जमीन उथळ व मुरमाड, जेथे पाऊस बेभरवशाचा, तेथे ऊस किंवा केळी ह्यांचे नाव काढावयास नको. तेथे डाळिंबाने शेतकऱ्यास हाती पैसा दिला.

आता छाटणीकडे वळू. डाळिंब हे स्वभावाने झाड नव्हे तर झुडूप आहे. त्यास मोकळे सोडले तर बुंध्यापासून दरवर्षी नवे फुटवे निघतात, काट्यांनी भरलेल्या फांद्या एकमेकींत गुंततात, आणि आत ऊन व वारा जाईनासा होतो. अशा जाळीत ओल टिकते व जेथे ओल टिकते तेथे रोगाचे माहेर असते. म्हणून लागवडीनंतर पहिल्या वर्षापासूनच झाडास वळण लावावे लागते. आपल्याकडे एकाच खोडावर झाड वाढविण्याऐवजी तीन ते चार खोडे राखण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे व तिला कारणही आहे. खोडास भोके पाडणारा भुंगेरा एखाद्या खोडात शिरला किंवा एखादे खोड वाळले, तरी उरलेल्या खोडांवर झाड तगते. राखलेल्या खोडांखेरीज जमिनीतून निघणारे सर्व फुटवे कोवळे असतानाच काढावेत. मध्यभाग मोकळा ठेवावा, म्हणजे वरून पाहिले असता झाड वाटीसारखे दिसले पाहिजे. आत वळलेल्या, एकमेकींस घासणाऱ्या, वाळलेल्या व रोगट फांद्या निघाल्या पाहिजेत. सरळ वर धावणारे, फळ न देणारे जोमदार कोंब बुडापासून कापावेत. त्यांची फक्त टोके खुडली तर तेथून आणखी चार कोंब फुटतात.

येथे एका सामान्य चुकीकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. डाळिंबास फळे लागतात ती पक्व फांद्यांवरील आखूड काड्यांच्या टोकाशी, आणि अशी एक काडी तीन-चार वर्षे फळ देत राहते. ज्यास हे ठाऊक नाही तो कुंपणाची मेंदी कापल्याप्रमाणे झाडास चहूकडून सारखे करतो. झाड दिसावयास गोजिरे होते, परंतु फळ देणाऱ्या काड्या खाली पडलेल्या असतात. मोठ्या झाडाची छाटणी म्हणजे निवड होय, हजामत नव्हे. जुन्या, थकलेल्या काड्या थोड्या थोड्या काढाव्यात, त्यांच्या जागी नव्या येऊ द्याव्यात, आणि दरवर्षी झाडाचा मोठा भाग उडविण्याचा मोह टाळावा.

छाटणीची वेळ बहारावर ठरते. आंबे बहार, मृग बहार व हस्त बहार असे तीन बहार आपल्याकडे धरले जातात. कोणताही बहार धरावयाचा तर आधीचे फळ उतरल्यावर झाडास तीन-चार महिने विश्रांती द्यावी, नंतर पाणी तोडून ताण द्यावा, पानगळ झाली म्हणजे हलकी छाटणी करून खत द्यावे आणि मग हळूहळू पाणी सुरू करावे. जेथे रोगाची भीती आहे तेथे मृग बहार टाळून हस्त बहार धरावा. कारण मृग बहाराचे कोवळे फळ ऐन पावसाळ्यात सापडते, तर हस्त बहाराचे फळ कोरड्या व थंड दिवसांत पोसते. वर्षातून दोन बहार काढण्याचा हव्यास झाडास थकवितो आणि थकलेल्या झाडास रोग लवकर गाठतो. पहिली दोन वर्षे तर बहार धरूच नये.

काडीपासून रोप करण्याची रीतही सोपी आहे, परंतु सोपी म्हणून ती निष्काळजीपणे करावी असे नाही. सुमारे एक वर्ष वयाची, पक्व झालेली, पेन्सिलीच्या जाडीची फांदी निवडावी. फार कोवळी काडी कुजते व फार जुनी काडी मुळ्या धरण्यास आळशी असते. वीस ते पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत लांबीचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली सरळ घ्यावा व वरचा काप डोळ्याच्या थोडा वर तिरपा घ्यावा. म्हणजे लावताना काडीचे डोके कोणते व पाय कोणता ह्याचा घोटाळा होत नाही. उलटी लावलेली काडी वाया जाते. खालचे टोक मुळ्या फोडणाऱ्या संजीवकात क्षणभर बुडविले तर मुळ्या अधिक व लवकर फुटतात. मग निचऱ्याच्या मातीत किंवा पिशवीत काडी थोडी तिरपी लावावी, निम्म्याहून अधिक भाग मातीत जाऊ द्यावा, माती घट्ट दाबावी आणि ओल कायम ठेवावी, मात्र चिखल करू नये. पालवी फुटली म्हणजे मुळ्या फुटल्या असे नव्हे. काडीत साठविलेल्या अन्नावर पाने आधी येतात. त्या पानांकडे पाहून उतावीळपणे रोप उपटणाऱ्याच्या हाती नुसती काडीच येते. ह्यास फाटेकलम म्हणतात. दुसरी रीत गुटी कलमाची. पावसाळ्यात झाडावरच्याच फांदीची सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद साल गोलाकार काढून त्या जागी ओले शेवाळ बांधावे. मुळ्या दिसू लागल्या की फांदी खालून कापून पिशवीत लावावी. गुटीला काडीपेक्षा मुळ्या खात्रीने फुटतात; म्हणून आपल्या रोपवाटिकांत तीच अधिक चालते.

येथवर सर्व निर्वेध आहे. अडचण पुढेच आहे. बहारापूर्वीची छाटणी आणि काड्या लावण्याची वेळ पुष्कळदा एकच येते. बागेत छाटलेल्या फांद्यांचा ढीग पडलेला असतो. मालकास तो उचलून टाकण्याची घाई असते, आणि रोपे करून विकणाऱ्यास त्यात रुपये दिसतात. ढीग फुकट मिळतो, कधी उलट मालकच आभार मानतो. त्या ढिगातून जाडीची काडी वेचावी, तुकडे करावेत, पिशव्यांत खोचावेत, आणि सहा-आठ महिन्यांनी ‘भगवा, अस्सल’ अशी पाटी लावून विकावे, हा उद्योग करण्यास ना मोठे भांडवल लागते ना विद्या. परंतु वाचकांनी क्षणभर विचार करावा. छाटणीत पहिल्यांदा कोणती फांदी कापली जाते? रोगट, वाळकी, डागाळलेली व आतल्या अंधारात वाढलेली. म्हणजे बागेतील जे टाकाऊ ते नेमके ढिगात जाते, आणि त्या टाकाऊतून दुसऱ्या बागेचा पाया घातला जातो. फांदीच्या पोटी आईचे गुण येतात असे आम्ही वर म्हटले; त्याच न्यायाने आईचे रोगही येतात.

डाळिंबाच्या रोगांत ‘तेल्या’ हा सर्वांत दुष्ट. हा अणुजीवांपासून होतो. भारतात त्याची पहिली नोंद दिल्लीस १९५२ साली झाली. पुढे कित्येक वर्षे तो फारसा उपद्रवी नव्हता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र महाराष्ट्र व कर्नाटकातील बागांत त्याने असा संचार केला की अनेकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. पानावर प्रथम तेल सांडल्यासारखा लहान डाग पडतो, तो तपकिरी-काळा होतो. फांदीच्या पेऱ्याशी काळी खूण उमटून फांदी तेथे मोडते. आणि फळावर डाग पडून साल तडकते. असे फळ आतून गोड असले तरी बाजारात त्यास कोणी हात लावीत नाही. पावसाचे शिंतोडे, वारा, किडे, मजुराची कात्री ह्या सर्वांच्या पाठीवर बसून हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. परंतु एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, जेथे पूर्वी डाळिंब नव्हते अशा नव्या माळावर तो जातो तो विशेषेकरून रोपांच्या गाडीत बसून. काडीच्या सालीत तो गुप्त राहतो. कोरड्या दिवसांत रोप टवटवीत दिसते, विकणारा शपथ घेतो, घेणारा समाधानाने पैसे मोजतो. आणि पहिल्या दमट पावसाळ्यात खरे रूप उघड होते. झाड एकाएकी पिवळे पडून वाळविणाऱ्या ‘मर’ रोगाचीही हीच कथा आहे. त्याची बुरशी मातीत राहते आणि रोगट रोपाच्या मुळांबरोबर व पिशवीतील मातीबरोबर प्रवास करते.

ह्या नुकसानीचा हिशेब व्यापारी वाचकांस सहज कळेल. पंधरा फूट बाय दहा फूट अंतराने एकरात सुमारे २९० झाडे बसतात. बाग उभी करण्याच्या एकूण खर्चात ह्या २९० रोपांची किंमत हा लहानसा भाग असतो. खड्डे, खत, ठिबकाच्या नळ्या, मजुरी, औषधे आणि सर्वांत महाग म्हणजे दोन वर्षांची वाट पाहणे, हा मोठा भाग. जो शेतकरी रोपामागे चार पैसे वाचवितो तो लहान रकमेची बचत करून मोठी रक्कम जुगारावर लावतो. आणि हा जुगार पुष्कळदा त्याच्या पैशाचा नसतो, कर्जाच्या पैशाचा असतो. बाग बुडाली की पतपेढीचा हप्ता थकतो, औषधविक्रेत्याची उधारी राहते, अडत्याकडे माल येत नाही, आणि तालुक्याच्या गावातील कापडदुकानातही दिवाळी सुनी जाते. म्हणून आम्ही प्रारंभी म्हटले की हा प्रश्न एकट्या माळ्याचा नाही.

कोणी म्हणेल की रोप हा तर निर्जीव माल नव्हे, त्यास रोग व्हावयाचाच. ह्यात विकणाऱ्याचा अपराध काय? ह्याचे उत्तर इतर देशांच्या अनुभवात मिळते. इंग्लंडात गूजबेरी नावाचे एक काटेरी झुडूप घरोघरच्या परसात असते. आपल्या आवळ्यास इंग्रजीत ‘इंडियन गूजबेरी’ म्हणतात खरे, परंतु दोहोंचे गोत्र अगदी निराळे. ह्या झुडपाची निगा मात्र आपल्या डाळिंबाची आठवण करून देणारी आहे. त्याचाही मध्यभाग वाटीसारखा मोकळा ठेवतात, बुडाचे फुटवे काढतात, आणि पाने गळाल्यावर वीतभर पक्व काड्या लावून नवी रोपे करतात. १९०० साली अमेरिकेतील एक भुरी रोग आयर्लंडमध्ये ह्या झुडपांवर दिसला आणि १९०६ पर्यंत तो इंग्लंडात पोचला. फळांवर प्रथम पांढरी व नंतर तपकिरी बुरशी चढू लागली. रोगट रोपांची आयात व विक्री हे त्याच्या प्रसाराचे एक प्रमुख साधन आहे हे ओळखून तेथील पार्लमेंटाने १९०७ साली विनाशक कीटक व रोगांविषयीचा कायदा अधिक व्यापक केला. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलोक्झेरा नावाची मुळांवरील कीड अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर आली व तिने तेथील द्राक्षशेती जवळजवळ धुळीस मिळविली. विशेष हे की तिच्यावरील तोडगाही काडीनेच दिला. ज्या अमेरिकन वेलींची मुळे ती कीड सोसतात त्यांच्यावर फ्रेंच द्राक्षांची कलमे बांधण्यात आली. काडी विष आणते व काडीच औषध आणते. कोणती काडी कोठून आली हे ज्यास ठाऊक आहे तो तरतो.

आपल्या देशात ह्या गोष्टीची जाणीव नव्हती असे नाही. विनाशक कीटक व रोग ह्यांविषयीचा कायदा हिंदुस्थानात १९१४ साली झाला. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिका व फळरोपांची विक्री ह्यांचे नियमन करणारा कायदा १९६९ साली झाला, आणि सोलापुरास डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली स्थापन झाले. कायदा आहे, शास्त्र आहे, संस्था आहे. उणीव आहे ती विकणाऱ्याच्या सचोटीची व घेणाऱ्याच्या चौकसपणाची. परवाना भिंतीवर टांगलेला असतो, पण परवान्याच्या खोलीमागील वाफ्यात कोणत्या बागेची काडी रुजते आहे हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. आपण सोने घेताना कस लावतो, धान्य घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, कापडाचा पोत बोटांनी चाचपतो. परंतु वीस वर्षे जे झाड आपल्या शेतात उभे राहावयाचे त्याची आई कोण हे विचारण्याचा संकोच करतो, हे चमत्कारिक होय.

ह्यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की गरीब शेतकऱ्यास महाग रोप परवडत नाही. आमचे म्हणणे असे की गरिबासच रोगी रोप परवडत नाही. धनवान मनुष्य बुडालेली बाग उपटून दुसरी लावील. ज्याची एकच एकर आहे त्यास दुसरी संधी मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की शेजाऱ्याच्या बागेत तेल्या असेल तर आपली रोपे शुद्ध असूनही तो पावसावाऱ्याने येईलच. हे अंशतः खरे आहे. ऊतीसंवर्धनाने केलेली रोपेदेखील रोगट बागेच्या बांधाला लावली तर कायमची सुरक्षित राहत नाहीत. परंतु ह्यावरून शुद्ध रोप निरुपयोगी ठरत नाही. शेजारधर्म मात्र आवश्यक ठरतो. गावातील सर्वांनी एकाच वेळी रोगट फांद्या छाटल्या, जाळल्या, व रोगाच्या भागात एकच सुरक्षित बहार धरला, तर कोणा एकट्याच्या काळजीवर पाणी पडणार नाही. तिसरा आक्षेप विक्रेत्यांचा. ते म्हणतात, आमच्या डोळ्यांस झाड निरोगी दिसले, म्हणून आम्ही काडी घेतली. एका दिवसाच्या पाहणीवर झाडाचे आरोग्य ठरत नाही. ज्या झाडावर मागील काही हंगामांत, विशेषतः पावसाळ्यात, रोगाचा डागही पडला नाही त्याच झाडास आई म्हणावे, आणि ती बाग रोगी बागांपासून दूर असावी.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. रोपवाटिका चालविणाऱ्यांनी काडी ढिगातून कधीही उचलू नये. मातृझाडे निवडून त्यांस खूण व क्रमांक द्यावा, त्यांच्याच फांद्या काढाव्यात, आणि त्या काढण्यासाठी छाटणीच्या कात्रीहून निराळी, स्वच्छ कात्री ठेवावी. प्रत्येक रोपाच्या विक्रीची पावती द्यावी व तीवर जात, कलमाचा प्रकार, मातृझाडाचा क्रमांक व काडी लावल्याचा महिना लिहावा. असे केल्याने विक्रेत्याचा तोटा नाही. ज्या पेढीची हुंडी कधी परत येत नाही तिचा धंदा वाढतो, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको. घेणाऱ्यांनी पावतीखेरीज रोप घेऊ नये, आणि कर्ज देणाऱ्या पतपेढ्यांनी व सहकारी संस्थांनी ही पावती पाहिल्याखेरीज फळबागेसाठी रक्कम मोकळी करू नये. कायद्याच्या निरीक्षकापेक्षा कर्जाच्या खिडकीवर बसलेला कारकून ह्या बाबतीत अधिक काम करील अशी आमची खात्री आहे.

बागेच्या मालकांनी छाटणीच्या दिवशी एक बादली सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणाची ठेवावी व प्रत्येक झाड झाल्यावर कात्री तीत बुडवून घ्यावी. रोगट फांदी डागाच्या खाली दोन इंच निरोगी भाग घेऊन कापावी. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी; एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण. छाटणी संपल्यावर संपूर्ण झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे, म्हणजे त्याच वस्तू तितक्याच घेऊन पाणी शंभर लिटर. खाली पडलेली पाने, फळे व काड्या त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात. ढीग दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला नाही तर तो कोणी नेण्याचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. कात्री धरणारा हात मजुराचा असतो, आणि रोपवाटिकेत काड्या लावण्याचे काम पुष्कळ ठिकाणी स्त्रिया करतात. त्यांस झाडामागे किंवा पिशवीमागे मजुरी ठरवून दिली म्हणजे जो अधिक घाई करील त्यास अधिक पैसे मिळतात. मग बादलीत कात्री बुडविण्यास कोण थांबेल? त्यांस रोगाची खूण कोणी शिकवीत नाही, मातृझाडाचा क्रमांक वाचता येईल इतके अक्षरज्ञान देण्याची कोणास गरज वाटत नाही, आणि बागेस तेल्या आला की दोष मात्र त्यांच्या हातास दिला जातो. छाटणी हे बुद्धीचे काम आहे. कोणती काडी ठेवावी व कोणती काढावी ह्याचा निर्णय दर मिनिटास करावा लागतो. असे काम करणाऱ्यास रोजाने मजुरी, हंगामापूर्वी दोन दिवसांचे शिक्षण आणि कुशल कारागिराचा मान मिळाला पाहिजे. कृषि विद्यापीठांचे मेळावे बागेच्या मालकांसाठी भरतात. एखादा मेळावा कात्री धरणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी, त्यांचा बुडालेला रोज देऊन भरविला तर रोगनिवारणाचे कितीतरी काम होईल.

समाजाच्या सुधारणेच्या गोष्टी आपण सभांतून पुष्कळ बोलतो. परंतु ज्या व्यवहारात घेणाऱ्यास मालाची परीक्षा करता येत नाही आणि विकणाऱ्यास ती करता येते, त्या व्यवहारात विकणाऱ्याने खरे बोलणे ही सुधारणेची पहिली पायरी होय. औषधाच्या, दुधाच्या व शिक्षणाच्या बाबतीत हे जितके खरे तितकेच रोपाच्या बाबतीतही खरे आहे. येत्या हंगामात सांगोल्याच्या किंवा सटाण्याच्या एखाद्या रोपवाटिकेने आपल्या पावतीवर मातृझाडाचा क्रमांक लिहिण्यास आरंभ केला, एखाद्या पतपेढीने तो मागण्यास आरंभ केला, आणि एखाद्या बागायतदाराने छाटणीचा ढीग त्याच संध्याकाळी नष्ट केला, तरी ह्या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू. ह्या तीन गोष्टींस नवा कायदा लागत नाही आणि मोठी रक्कमही लागत नाही. एक वही, एक बादली आणि खरे सांगण्याची तयारी एवढ्यावर त्या होण्यासारख्या आहेत.